पाण्यात काय आणि गोडात किती

दोन वर्षांपूर्वी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारा एक तरुण आमच्या घरी आला होता. त्याने ओट्यावर काचेचे दोन पेले मांडले, एकात आमच्या नळाचे पाणी भरले आणि दुसऱ्यात त्याने सोबत आणलेले यंत्राचे पाणी ओतले. मग धातूच्या कांड्या असलेले एक लहान उपकरण दोन्ही पेल्यांत बुडवून त्याने वीज सुरू केली. मिनिटाभरात आमच्या नळाचे पाणी पिवळट झाले, मग तपकिरी झाले आणि वर गढूळ फेसाचा थर जमला. शेजारचा पेला मात्र जवळपास तसाच नितळ राहिला. ‘ताई, हे तुम्ही रोज पिता आणि मुलांनाही पाजता,’ एवढेच तो म्हणाला. त्या पेल्याकडे पाहून मला अक्षरशः मळमळले आणि त्याच आठवड्यात मी ते यंत्र विकत घेतले.

त्या प्रयोगात नेमके काय घडते, हे मला बऱ्याच महिन्यांनी कळले. त्या उपकरणातल्या काही कांड्या लोखंडाच्या असतात. पाण्यात विरघळलेले क्षार वीज वाहून नेतात, त्यामुळे नळाच्या पाण्यातून प्रवाह वाहतो, कांडीचे लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याच्या संयुगांचा तो तपकिरी साका तयार होतो. यंत्राच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असल्यामुळे त्यातून वीज फारशी वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. म्हणजे पेल्यात दिसलेली घाण नळातून आलेली नव्हती, ती कांडीतून आलेली होती. एका परिचितांकडे तसेच उपकरण मिळाले, तेव्हा मी आमच्या यंत्राच्या नितळ पाण्यात चिमूटभर मीठ टाकले आणि तोच प्रयोग करून पाहिला. ते पाणीही तितकेच तपकिरी झाले. आपण घाबरून निर्णय घेतला, पाण्याबद्दल एकही खरा प्रश्न विचारला नाही, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण असे की ‘कोणते यंत्र घ्यावे’ हा प्रश्न मला अनेक जण विचारतात, आणि माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘माझ्या पाण्यात काय आहे’ हा आहे. त्याचे उत्तर डोळ्यांना, जिभेला किंवा नाकाला देता येत नाही. आर्सेनिकला रंग नसतो आणि चवही नसते. नायट्रेटचेही तसेच. पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू मुळीच सापडता कामा नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. परंतु तो असलेले पाणी आणि नसलेले पाणी शेजारी शेजारी ठेवले तरी दोन्ही सारखीच स्वच्छ दिसू शकतात.

म्हणून उशिरा का होईना, मी पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतले. त्यासाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्यावी लागते. ती भरण्यापूर्वी तोटीवरची जाळी काढायची, पाणी काही मिनिटे वाहू द्यायचे, बाटलीच्या तोंडाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाही आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवायचा. तेथील तंत्रज्ञ बाईंनी मला आणखी एक नमुना आणायला सुचवले: ‘तुम्ही प्रत्यक्ष ज्या भांड्यातून पाणी पिता, त्यातलेही थोडे आणा.’ त्यांच्या या सूचनेची किंमत मला अहवाल हाती आल्यावर कळली. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 180 मिलिग्रॅम होते, फ्लोराइड आणि नायट्रेट मर्यादेच्या पुष्कळ आत होते, शिसे आणि आर्सेनिक धोक्याच्या पातळीपर्यंत नव्हते आणि जिवाणूंची चाचणी निर्दोष होती. जेवणाच्या टेबलावरच्या आमच्या रुंद तोंडाच्या जगमधल्या पाण्यात मात्र कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जिवाणू, सापडले. त्या जगमध्ये यंत्राचेच पाणी होते. घरातले सगळे त्यात पेला बुडवून पाणी घेत होते, आणि जग रोज फक्त विसळला जात होता, घासला जात नव्हता. पाणी शुद्ध करण्यावर आम्ही इतका खर्च केला होता आणि ते पुन्हा दूषित करण्याचे काम आमचेच हात करत होते.

तेव्हापासून पाणी खाली तोटी असलेल्या झाकणाच्या भांड्यात साठवले जाते, ते रोज साबणाने घासून वाळवले जाते आणि त्यात हात किंवा पेला जात नाही. शुद्ध पाण्यासाठी आमच्या घरात झालेला हा सर्वांत स्वस्त बदल होता आणि माझ्या मते सर्वांत उपयोगीही.

आता शुद्धीकरणाच्या पद्धतींबद्दल. यातील प्रत्येक पद्धतीचे काम ठरलेले आहे आणि एकीचे काम दुसरी करू शकत नाही. पाणी उकळल्याने जिवाणू, विषाणू आणि परजीवी मरतात. त्यासाठी पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते, समुद्रसपाटीपासून 2000 मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे लागतात, कारण तेथे पाणी कमी तापमानाला उकळते. मात्र उकळल्याने आर्सेनिक, फ्लोराइड किंवा नायट्रेट कमी होत नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढते. अतिनील किरणांचा दिवा जंतूंना निष्क्रिय करतो, परंतु पाणी गढूळ असेल तर जंतू कणांच्या सावलीत सुटून जातात, आणि दिव्यातून बाहेर पडल्यानंतर पाण्याला पुढे कोणतेही संरक्षण राहत नाही. सक्रिय कोळसा क्लोरीन, वास आणि अनेक सेंद्रिय रसायने धरून ठेवतो. पण त्याची क्षमता संपली की तो निकामी होतो आणि वेळेवर बदलला नाही तर त्यावरच जिवाणू वाढतात. विरघळलेले क्षार, आर्सेनिक, फ्लोराइड, शिसे यांसाठी आरओचा, म्हणजे दाबाखाली पाणी अतिसूक्ष्म छिद्रांतून ढकलून गाळणारा, पडदा प्रभावी आहे. त्या बदल्यात तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही काढून टाकतो, आणि पुष्कळशा घरगुती यंत्रांत मिळणाऱ्या पाण्यापेक्षा वाया जाणारे पाणीच जास्त असते.

आमच्या अहवालाशी हे सगळे ताडून पाहिले, तेव्हा लक्षात आले की आमचे यंत्र आरओचे होते आणि आमच्या पाण्याला आरओची गरजच नव्हती. क्लोरीनच्या वासासाठी कोळशाची गाळणी आणि खबरदारी म्हणून अतिनील दिवा एवढे पुरेसे होते. ज्यांच्या विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या किंवा आर्सेनिक 0.01 मिलिग्रॅमच्या वर आहे, त्यांच्यासाठी मात्र तोच पडदा अतिशय मोलाचा आहे आणि त्यांनी माझे उदाहरण पाहून तो काढून टाकू नये. स्वतःच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांनी तर ते वर्षातून एकदा तपासून घ्यायलाच हवे, कारण त्यांच्यासाठी ते काम दुसरे कोणीही करत नसते.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणाऱ्या पेनासारख्या उपकरणाबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याच्या आकड्यावर लोकांचा फार विश्वास असतो. ते उपकरण पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्या क्षारांत निरुपद्रवी कॅल्शियम किती आणि इतर काय आहे, हे त्याला सांगता येत नाही. जिवाणू, कीटकनाशके किंवा लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाइतके शिसे तर त्याला कळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठरवलेली नाही. चवीच्या दृष्टीने लिटरला 600 मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी साधारणतः चांगले लागते आणि 1000 च्या पुढे ते बेचव होत जाते, एवढेच ती सांगते. त्यामुळे ‘आमच्या पाण्याचा टीडीएस 30 आहे’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर त्या आकड्यावरून पाणी सुरक्षित आहे असेही म्हणता येत नाही आणि अधिक आरोग्यदायी आहे असेही नाही.

शरीरातले आम्ल कमी करते असे सांगून विकल्या जाणाऱ्या अल्कधर्मी पाण्यावर मी थोडक्यातच लिहिते. जठरातील आम्ल इतके तीव्र असते की ते पाणी तेथे पोहोचताच त्याचा अल्कधर्मीपणा ओसरतो, आणि रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अहोरात्र करत असतात. त्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे असे मला वाटत नाही.

क्लोरीनच्या वासाबद्दलचे माझे मत मात्र पूर्ण बदलले. पूर्वी तो वास आला की मला पाणी खराब वाटत असे. 1908 मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात नियमित क्लोरीन मिसळायला सुरुवात झाली आणि त्यानंतर ती पद्धत ज्या ज्या शहरांनी स्वीकारली, तेथे विषमज्वरासारखे पाण्यातून पसरणारे रोग झपाट्याने ओसरले. नळाच्या पाण्याला येणारा तो मंद वास म्हणजे मैलोन् मैल नळांतून येताना पाण्याची राखण झाली आहे, याची खूण आहे. वास नकोसा वाटत असेल तर पाणी भरून झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. थंड पाण्यात तो फारसा जाणवत नाही.

या वासाच्या आणि चवीच्या मुद्द्यावरूनच मी गोडाकडे वळते. आमच्या घरात पाण्याला शिळा वास येऊन त्याची चव बिघडलेली होती, म्हणून साधे पाणी कमी प्यायले जात होते आणि त्याची जागा रस, सरबते आणि चहा घेत होते, हे मला फार उशिरा दिसले.

गेल्या वर्षी नियमित तपासणीत माझी उपाशीपोटी मोजलेली रक्तशर्करा काठावर आली. मी घाबरले आणि दुसऱ्याच दिवशी घरातली पांढरी साखर बंद केली. चहात गूळ आला, सकाळच्या कोमट पाण्यात मध आला आणि नाश्त्याबरोबर घरी काढलेला ताज्या फळांचा रस आला. हे सगळे नैसर्गिक आहे, या समाधानात मी तीन महिने काढले. पुढच्या तपासणीत आकडा जागचा हललेला नव्हता. डॉक्टरांनी मी काय खाते-पिते ते शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: ‘या सगळ्याचे वजन किती होते?’ मला सांगता आले नाही.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा ओट्यावर मांडला आणि नेहमीप्रमाणे मधाचा चमचा भरून वाटीत सोडला. सपाट भरलेल्या लहान चमच्यात साखर सुमारे 4 ग्रॅम मावते. मध दाट असल्यामुळे तोच चमचा सपाट भरला तरी 7 ग्रॅम होतो, आणि माझा चमचा कधीच सपाट नव्हता. मधाची धार कडेवरून ओघळेपर्यंत मी तो भरत असे. काट्याने 11 ग्रॅम दाखवले. मधात साधारण 17 ते 18 टक्के पाणी असते आणि उरलेला बहुतेक भाग फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या साखरांचाच असतो. म्हणजे माझ्या एका चमच्यात सुमारे 9 ग्रॅम साखर होती, आणि मी असे दोन चमचे घेत होते. तीन वेळच्या चहातल्या गुळाचे खडे मोजले, त्यांतून आणखी सुमारे 15 ग्रॅम साखर आली. रसाचा पेला 200 मिलिलिटरचा होता, त्यात सुमारे 17 ग्रॅम. कागदावर बेरीज केली तेव्हा ती 50 ग्रॅम झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे की मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि शक्य झाल्यास ती 5 टक्क्यांखाली आणावी. 2000 किलोकॅलरींच्या आहारात 10 टक्के म्हणजे 50 ग्रॅम आणि 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. या व्याख्येतली ‘मुक्त साखर’ म्हणजे केवळ पांढरी साखर नव्हे. मध, पाक आणि फळांचे रस यांतली साखरही तिच्यात धरलेली आहे. अख्ख्या फळातली साखर धरलेली नाही, कारण ती फळाच्या तंतूंमध्ये आणि पेशींमध्ये बांधलेली असते आणि हळूहळू सुटते. एक संत्रे खायला वेळ लागतो आणि त्याने पोटही भरते. तीन संत्र्यांचा रस आपण दोन घोटांत संपवतो. बिस्किटे, मिठाई यांना हात न लावता, केवळ ‘आरोग्यदायी’ पेयांतून मी रोज पूर्ण मर्यादा गाठत होते.

तेव्हा मला जे उमगले ते असे की पाण्याच्या बाबतीत ‘त्यात काय आहे’ हा खरा प्रश्न आहे, तर गोडाच्या बाबतीत ‘किती’ हा. गुळात मळीचा अंश राहिल्यामुळे लोह आणि इतर खनिजे असतात हे खरे आहे, आणि त्याची चव साखरेपेक्षा कितीतरी सखोल आहे हेही खरे. परंतु गूळ मुख्यतः सुक्रोज, म्हणजे पांढऱ्या साखरेतलेच द्रव्य, असतो आणि रक्ताला त्यातला फरक फारसा कळत नाही. नारळाच्या साखरेचेही तेच आहे. तपकिरी साखर तर बहुतेक वेळा पांढऱ्या साखरेत मळी मिसळूनच तयार केलेली असते. अगेव्ह या घायपातासारख्या वनस्पतीच्या पाकात फ्रुक्टोजचे प्रमाण फार मोठे असते. त्यामुळे रक्तातले ग्लुकोज लगेच चढत नाही, परंतु फ्रुक्टोजचा भार यकृतावर पडतो. चवीसाठी, पदार्थाच्या गरजेसाठी यांपैकी काहीही जरूर वापरावे. औषध म्हणून चमचा वाढवू नये.

मधाविषयी एक गोष्ट मला अगदी आग्रहाने सांगायची आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, बोटाला लावून चाटवूही नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते वाढत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. मध शुद्ध असला, घरच्या पोळ्यातला असला तरी हा धोका तसाच राहतो, आणि घरी मध गरम केल्याने बीजाणू मरत नाहीत. त्याचबरोबर हेही सांगते की थंडीत मध घट्ट होऊन रवाळ झाला म्हणून तो भेसळीचा ठरत नाही. त्यातल्या ग्लुकोजचे स्फटिक होतात, इतकेच. पाण्यात थेंब सोडून किंवा काडी पेटवून केलेल्या परीक्षांवरूनही भेसळ ओळखता येत नाही.

स्टेव्हियाचा विचार मी बराच काळ केला. ही वनस्पती मूळची पॅराग्वे आणि ब्राझीलच्या परिसरातली, आणि तिच्या पानांतली शुद्ध केलेली द्रव्ये साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतात. त्यांतून ऊर्जा जवळपास मिळत नाही आणि ठरलेल्या मात्रेत ती सुरक्षित मानली गेली आहेत. परंतु साखरेच्या शेकडो पट गोड वस्तू चमच्याने मोजता येत नाही, म्हणून पुड्यांमध्ये भरीसाठी एरिथ्रिटॉल, डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घातलेले असते. पुडीच्या पुढच्या बाजूला हिरवे पान छापलेले असले तरी घटकांची यादी मागच्या बाजूला असते, आणि यादीत जे पहिले लिहिलेले असते ते सर्वांत जास्त असते. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरविरहित गोडी आणणारे पदार्थ वापरू नयेत अशी शिफारस केली आणि त्यांत स्टेव्हियाचाही समावेश केला. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांना ही शिफारस लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे. माझ्यापुरते म्हणाल तर दोन महिने वापरून मी ते सोडले, कारण जिभेची गोडाची अपेक्षा तेवढीच राहत होती आणि मला ती अपेक्षाच उतरवायची होती.

ती उतरवण्यासाठी मी चहातला गूळ एकदम बंद केला नाही. दर आठवड्याला प्रत्येक कपामागे काट्यावर एक ग्रॅम कमी करत गेले. प्रत्येक कपातीनंतर पहिले दोन दिवस चहा अळणी वाटत असे आणि तिसऱ्या दिवशी त्याचे काही वाटेनासे होई. सहाव्या आठवड्यात कपात गूळ उरला नव्हता. एक निरीक्षण उपयोगी पडले: गोडी गरम पेयात जास्त जाणवते आणि थंड पेयात कमी. त्यामुळे गार सरबत गोड लागावे म्हणून नकळत कितीतरी साखर घातली जाते. 330 मिलिलिटर कोलाच्या डब्यात सुमारे 35 ग्रॅम साखर असूनही तो अति गोड लागत नाही, यामागे गारपणा आणि आम्लता दोन्ही असतात. आम्ही घरात सरबत थंडगार करणे थांबवले आणि त्यातली साखर आपोआप निम्म्यावर आली.

सकाळच्या मधाच्या पाण्यातला मध गेला, पाणी राहिले. रसाच्या जागी फळ आले. मुख्य म्हणजे कोळशाची गाळणी वेळेवर बदलायला लागल्यापासून पाण्याचा तो शिळा वास गेला आणि तोटीचे भांडे जेवणाच्या टेबलाशेजारी, हाताशी आले. माझी दहा वर्षांची मुलगी शाळेतून आल्यावर फ्रीज उघडून रस मागत असे. आता ती आधी त्या तोटीखाली पेला धरते. तिला कोणी तसे सांगितलेले नाही, पाणी तेथे आहे आणि ते चांगले लागते. पुढच्या तपासणीत माझा आकडा खाली आला होता. त्यात रोजच्या चालण्याचाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

पाण्याची वार्षिक तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. प्रयोगशाळेतून या वेळी मी तीन निर्जंतुक बाटल्या आणल्या आहेत: एक नळासाठी, एक तोटीच्या भांड्यासाठी आणि तिसरी मुलीच्या शाळेच्या पाण्याच्या बाटलीसाठी. त्या बाटलीच्या झाकणातली नळी काल उलगडून पाहिली, तर आत बोटाला बुळबुळीत लागले.